निरंक

मुलगी बघायला पाहुणे आले की आमच्याकडं तिला दोन गोष्टी हमखास करायला लावत. एक, नाव लिहून दाखव. दुसरी, चालून दाखव. लिहिण्याकडं कुणी फारसं बघत नसे. चालायला लागली की मात्र सोप्यात बसलेल्या सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर. माझी थोरली बहीण अशी चार वेळा चालली. चारही वेळा मी मागच्या गोठ्यात म्हशीपाशी बसून होते. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं वाळला होता आणि धाकटीचा पाय बघून पाहुण्यांनी थोरलीला नाकारू नये, असं आईचं म्हणणं होतं. मला राग यायचा. म्हशीला मात्र माझी सोबत आवडत असावी.

पुढंमागं माझ्यावरही ती वेळ येणार, म्हणून आईनं मला चालायला शिकवलं. गावातल्या चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडून तिनं डाव्या चपलेला आतून कातड्याचे चार थर बसवून घेतले. परकर जमिनीला टेकेल इतका लांब. दुपारी पुरुषमाणसं रानात गेली की सोप्यातल्या दोन खांबांमध्ये माझी कवायत चाले. पाऊल लहान टाकायचं, मान सरळ ठेवायची, आणि काही झालं तरी डावा हात गुडघ्यावर जाऊ द्यायचा नाही. खरं तर गुडघ्याला हाताचा टेकू दिल्याशिवाय तो पाय माझं वजन पेलत नसे. पण हात गुडघ्याकडं गेला की आईचं लाटणं हातावर बसे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणायची. "उगंच उघडून कशाला दावायची?"

मॅट्रिकपर्यंत मी इतकी तरबेज झाले, की परगावच्या बायका म्हणत, पोरगी लय ठसक्यात चालती. घरी आल्यावर मांडी ठणकायची आणि मी उशीत तोंड घालून पडायचे, हे त्यांना कोण सांगणार!

झाकायची सवय आमच्या घरात एकट्या आईलाच नव्हती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, फौजेतून पेन्शनीवर आलेले. तोफेच्या आवाजानं त्यांचा उजवा कान पार गेला होता आणि डाव्यानंही जेमतेम ऐकू येई. कुठंही बसले तरी उजव्या अंगाला भिंत किंवा खांब येईल अशी जागा ते आधी धरत, म्हणजे बोलणारा डावीकडंच बसे. तरीही नाहीच ऐकू आलं तर आई किंवा मी हळूच त्यांच्या दंडाला हात लावायचो आणि तेच बोलणं मोठ्यानं पुन्हा बोलायचो, आपल्यालाच नीट कळलं नाही असं दाखवून. गाव त्यांना मितभाषी म्हणत असे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल बोलायची पद्धत नव्हती.

मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा आमचे ग्रामसेवक हातात एक छापील तक्ता घेऊन आले. गावात आंधळे किती, बहिरे किती, लंगडे किती, सरकारला आकडा हवा होता. घरोघर कोण फिरणार? ते आमच्या सोप्यात टेकले, चार मोठी माणसं तिथंच जमली, चहा आला. मी दाराआड उभी होते, पडद्यापासून हातभर अंतरावर.

"आबा, तुमच्या घरात अपंग कोण आहे का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "कोन न्हाई."

"आणि गावात?"

त्यावर सगळे हसलेच. "आवं भाऊसाहेब, हितं घरटी एक गडी फौजेत हाय. हितं कुठलं आलंय अपंग?"

सरकारी कागदावर काहीच नसलं की शून्य घालत नाहीत, निरंक लिहितात. ग्रामसेवकांनी चहा संपायच्या आत तीन रकान्यांत तीन वेळा निरंक लिहिलं आणि तक्ता गुंडाळून पिशवीत ठेवला. मी दाराआडून आबांची पाठ बघत होते. तेव्हा मला फार वाईट वगैरे वाटलं असं नाही. उलट, आपण पडद्यामागं आवाज न करता उभ्या राहिलो याचं समाधान वाटलं. आज त्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

मॅट्रिक मी चांगल्या गुणांनी पास झाले. हेडमास्तर स्वतः घरी आले आणि म्हणाले, हिला कराडला कॉलेजात घाला, अपंग विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळते, अर्ज महिनाअखेरपर्यंत गेला पाहिजे. आबांना पोरीनं कराडला राहणं पसंत नव्हतं. पण मास्तरांना सरळ नाही कसं म्हणायचं? म्हणून म्हणाले, "शिष्यवृत्ती मिळाली तर जाऊ दे." मिळायची नाही याची त्यांना खात्री होती. मी मात्र तो शब्द गाठीला बांधला. फौजी माणसाचा शब्द होता तो. कराडला जायला मी एका पायावर तयार होते, आणि ही थट्टा मी स्वतःच करायचे, दुसऱ्या कुणी केलेली मला खपत नसे.

अर्जाला दोन कागद लागत होते. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि गावचा दाखला. मी आधी दाखल्याला गेले. ग्रामसेवकांनी डोक्याला हात लावला.

"अगं, तुमचं गाव मी निरंक म्हणून वर कळवलंय. आता तुला दाखला दिला तर साहेब विचारतील, ही मुलगी कुठून उगवली?"

"मी हितंच उगवलीया, भाऊसाहेब. तुमी चहा घेत हुता तवा दाराआड हुती."

ते ओशाळले, पण कागदाला ओशाळून चालत नाही. तक्ता दुरुस्त करायचा तर घरच्या कर्त्या माणसानं समोर येऊन सांगायला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. आबांपुढं विषय काढला. ते म्हणाले, "दवाखान्यात नेतो. शब्द दिलाय. पर पंचायतीत जाऊन माज्या घरात लंगडं हाय, असं मी सांगनार न्हाई. हात दावून अवलक्षन कोन करतंय?"

मग मी वही घेतली आणि गावात फिरले. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या घरचं कुणी सांगायला तयार झालं तर निरंक आपोआप खोडलं जाईल. वेशीजवळ एक आंधळे काका दोर वळत बसत. त्यांना विचारलं तर हात न थांबवता म्हणाले, "मी कशानं अपंग? माज्या दोराला अजून कुनी नाव ठेवलं न्हाई. अपंग म्हंजी जो बसून खातो, तो." एका घरी जन्मापासून न बोलणारी, न ऐकणारी पोर होती. तिची आई म्हणाली, "आमची गरीब सोभावाची हाय, एवढंच. नाव लिवू नगंस बाई, हिच्या पाठच्या दोघी उजवायच्या हायती." उसाच्या चरकात हाताची बोटं गेलेला एकजण तर माझ्या अंगावरच धावून आला. ज्यांच्याकडं गेले त्यांनी नन्नाचा पाढा वाचला. कामाला उपयोगी पडणारं माणूस अपंग नसतं, असा आमच्याकडचा हिशेब. मीही भाकऱ्या थापत होते, म्हशीची धार काढत होते. त्या हिशेबानं मीही नव्हते. वहीत एकच नाव राहिलं, माझं. ते मी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं.

गावातून उंब्रजपर्यंत चालत आणि तिथून एसटीनं आम्ही साताऱ्याला गेलो. आबा खिडकीकडं उजवा कान करून बसले आणि मला डावीकडं बसवलं. आईनं मला थोरलीच्या लग्नातली साडी नेसवली होती, केसांत अबोली माळली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात लांबलचक रांग. आमच्या पुढं माणदेशातला एक मेंढपाळ होता, खांद्यावर घोंगडं, एक हात वाळून छातीशी आखडलेला. त्यानं मला वर-खाली न्याहाळलं.

"पोरी, तू कुनाबरूबर आलीयास?"

"कुनाबरूबर न्हाई. मलाच दाखवायचंय."

"तुला काय धाड भरलीया? चांगली धडधाकट दिसतीस की."

आणि मला आनंद झाला! पोटात गुदगुल्या झाल्या अगदी.

माझं नाव पुकारलं. डॉक्टर वयस्कर होते, थकलेले होते. त्यांनी कागद पुढं ओढला आणि म्हणाले, "त्या कोपऱ्यापर्यंत चालून दाखव."

चालून दाखव. हे दोन शब्द कानावर पडले मात्र, माझी मान सरळ झाली. पाऊल लहान पडलं. हात गुडघ्याकडं गेला नाही. लाटणं घेऊन आई तिथंच कुठंतरी उभी असल्यासारखी मी कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, परत आले. इतकी सुरेख मी जन्मात चालले नव्हते. डॉक्टरांनी मान हलवली, दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला.

बाहेर आबा दारातच उभे होते. त्यांचा चेहरा उजळला होता. "झ्याक चाललीस," ते म्हणाले. मी कागद वाचला. इंग्रजीत होता, पण इंग्रजी माझं बरं होतं. दोष किरकोळ आहे, चालायला अडचण नाही.

बाकावर बसून मी तो कागद पुन्हा वाचला. डॉक्टरांची काही चूक नव्हती. जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं होतं. गावचं निरंक आबांनी लिहवलं होतं, हे मी स्वतः चालून लिहवलं. महिना संपायला थोडे दिवस उरले होते. कराड गेलं, कॉलेज गेलं, आता त्या दोन खांबांमध्ये आयुष्यभर कवायत करायची आणि ती कुणाला पसंत पडते याची वाट बघायची. माझ्या डोक्यात अशी सणक गेली की मी उठले आणि रांग मोडून आत शिरले.

"डॉक्टरसाहेब, मी मघाशी खोटं चालले."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे?"

मी चपला काढल्या. चार थरांची डावी चप्पल उचलून त्यांच्या टेबलावर, कागदांच्या शेजारी ठेवली. केवढा हा उद्धटपणा, पण तेव्हा सुचलं तेच केलं. साडी पिंढरीपर्यंत वर खोचली. अनवाणी पाऊल टाकलं, कमरेत वाकले, डावा हात गुडघ्यावर दाबला आणि घरात एकटी असताना जशी चालते तशी चालले. एक खांदा खाली, एक वर. रांगेतली माणसं दारातून बघत होती. बघू देत म्हटलं. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, आणि दारात आबा दिसले.

आबांना माझा पाय ठाऊक होता. पण ते वर्षातून एकदा रजेवर यायचे, पेन्शनीवर आल्यावर दिवसभर रानात असायचे, आणि ते घरात असले की आई मला बसवून ठेवायची. असं चालताना त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. ते चौकटीला धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी थांबले नाही. टेबलापर्यंत आले.

"रोज अशीच चालतेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोन बघत नसलं की."

त्यांनी टेपनं दोन्ही पाय मोजले, पाय दाबून, ढकलून पाहिला, पहिला कागद फाडला आणि नवा लिहायला घेतला. तो मात्र बराच वेळ लिहीत होते.

पुढं लोक विचारतात, मिळाली का शिष्यवृत्ती? मिळाली. दिवाळीनंतर मिळाली, पण मिळाली, आणि मी कराडला चार वर्षं काढली. आई मात्र माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित बोलले नसते. पण मला राहून राहून आठवते ती त्या दिवशीची परतीची वाट. उंब्रजला उतरून गावाकडं चालायला लागलो. मी सवयीनं मान सरळ केली, तसे ते थांबले.

"हात ठेव की गुडघ्यावर," म्हणाले. "मी हळू चालतो."

गावात शिरल्यावर घराकडं न वळता ते पंचायतीकडं वळले. ग्रामसेवक कपाटाला कुलूप लावत होते. आबा त्यांच्या टेबलापाशी उभे राहिले. उजव्या अंगाला ना भिंत ना खांब.

"भाऊसाहेब, तो तक्ता काडा. माज्या घरचं चुकीचं सांगितलं मी. दोन लिवा."

ग्रामसेवक कपाटापाशी, आबांच्या उजव्या बाजूला होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "दोन? आबा, दुसरं कोण?"

आबा तसेच समोर बघत उभे राहिले. एरवी मी पुढं झाले असते, त्यांच्या दंडाला हात लावला असता आणि तेच मोठ्यानं बोलले असते. हात उचललाही होता. पण मी तो खाली घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. ग्रामसेवकांनी पुन्हा विचारलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग वळून त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडं पाहिलं.

"तुमी आत्ता काय म्हनला," आबा म्हणाले, "ते मला ऐकू आलं न्हाई. त्येच लिवा."