आईने ब्रेकला तेल लावलं तेव्हा

आई काल सकाळी गेली.

आणि मी तिच्या आठवणीत ब्रेकबद्दल लिहिणार आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा. ती स्वतःसुद्धा हसतच सांगायची.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बाबा आंबागडच्या बाजूला एका मॅंगनीजच्या खाणीत फिटर होते आणि आम्ही खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो.

माणसांना जमिनीखाली नेणारा लोखंडी पिंजरा असतो, त्याला सगळे केज म्हणत. तो केज वर-खाली करणाऱ्या मोठ्या मशीनला त्या वर्षी नवे डिस्क ब्रेक बसले. बसवणाऱ्यांत बाबा पुढे.

झालं. घरात दुसरा विषयच उरला नाही.

"डिस्कले तेलाचं बोट जरी लागलं ना, तं ब्रेक घसरते," बाबा जेवताना सांगायचे.

आई "हो जी" म्हणायची आणि ताटात भात वाढायची. डिस्क म्हणजे काय हे तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. तिला वाटायचं, असेल एखादा पार्ट कुठल्यातरी पेटीच्या आत.

मग दसरा आला. दसऱ्याला खाण बंद. मशीनची पूजा व्हायची आणि त्या दिवशी घरच्या लोकांना आत सोडत.

आई दिघोरीची, धानवाल्या शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी नांगर असो की विळा, आधी तेलाचा हात फिरवायचा आणि मगच हळदकुंकू. कोरड्या लोखंडाची पूजा तिला देवाला उपाशी ठेवल्यासारखी वाटायची.

बाबा प्रसाद आणायला बाहेर गेले. आईसमोर ते मशीन, आणि त्याला ही मोठी चमकणारी स्टीलची थाळी!

आईने घरून नेलेलं जवसाचं तेल फडक्यावर घेतलं आणि ती थाळी दोन्ही बाजूंनी पुसून काढली. वर हळदकुंकू. वर झेंडूचं फूल. एकदम प्रसन्न काम.

दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या शिफ्टला गेले. आई अंगण झाडत होती. शेजारच्या सुलोचनाकाकू म्हणाल्या, "तुवा काल डिस्कची पूजा लय मस्त केली वो."

"मी कायची डिस्कची केली? मी तं थाळीची केली."

"अवो, तेच तं डिस्क!"

आईच्या हातातला झाडू खाली पडला. "मी तं त्याले तेल लावलं!" म्हणत ती निघालीच.

काकूंनी तिला दंडाला धरून थांबवलं. "बोंबलत नोको जाऊ. साहेबासमोर बोलली तं तुया मालकाची नौकरी जाईन. त्याइले बाजूले घेऊन सांग."

खरंच होतं ते. मशीनजवळ बाहेरच्या माणसाला एकटं सोडायचं नाही, असा नियम होता. आणि बाबा तिला एकटीला सोडून गेले होते.

आई धावत सुटली. चप्पल नाही, पदर कुठे, ती कुठे.

ती पोहोचली तेव्हा माणसं केजमध्ये उभी होती. डोक्यावर टोप्या, हातात डबे. दार लावणं सुरू होतं. बाबा मशीनच्या खोलीत, आणि साहेब त्या खोलीच्या अगदी दारातच.

बाजूला घेऊन सांगायला वेळच नव्हता.

"नोका सोडू जी! नोका सोडू! मी ब्रेकले तेल लावलं!"

केजमधले लोक खो खो हसले. साहेबांना वाटलं, बाईला काहीतरी झालंय.

बाबा मात्र हसले नाहीत. काहून, कसं, कधी, एक शब्द विचारला नाही. हात वर केला आणि म्हणाले, "सगळे उतरा."

मग त्यांनी मेन स्विच बंद करून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वर पाटी टांगली, 'माणूस काम करत आहे'. ब्रेक उघडला तर डिस्कला दोन्हीकडून दाबून धरणारे पॅड तेलाने काळपट झालेले.

साहेब म्हणाले, "पुसून टाका आणि चालू करा."

"पॅडनं तेल पिलं साहेब, आता ते पुसून नाही निंगत. रिकाम्या केजले हा ब्रेक धरन बी. भरल्या केजले सोडून देईन."

नवे पॅड घातले. डिस्क कोऱ्या फडक्यांनी, तेल काढायचं औषध लावून, पुन्हा पुन्हा पुसली. पॅड आणि डिस्कमधली दोन्हीकडची फट मोजली. आधी रिकामा केज सोडून पाहिला, मग दगड भरून. माणसं खाली गेली तेव्हा दुपार झाली होती.

साहेबांनी विचारलं, "यांना आत एकटं कोणी सोडलं?"

बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मीच घुसली जी. याइचा काई दोष नाही."

ती सपशेल खोटं बोलली. आयुष्यात पहिल्यांदाच, असा तिचा दावा होता. आमचा कोणाचाच त्यावर विश्वास नाही.

बाबांना चार शब्द ऐकावे लागले. नोकरी राहिली.

पुढच्या दसऱ्याआधी बाबांनी मशीनपुढे एक पाटी लावून घेतली: 'या थाळीला तेल, हळद, कुंकू लावू नये.' साहेब म्हणाले, डिस्क लिहा. बाबा म्हणाले, "डिस्क डिस्क म्हणूनच तं घोटाळा झाला."

आईला पुढे कित्येक वर्षं कॉलनीत चिडवायचे. बाजारात कोणी भेटलं की, "काय वो बाई, आज कोनाले तेल लावलं?" तिला राग यायचा नाही. उलट ती समोरच्याला थांबवून अख्खी गोष्ट पहिल्यापासून ऐकवायची, आणि मग चिडवणाराच घाईत असायचा.

बाबा रिटायर झाल्यावर दोघं आंधळगावला राहिले. मजेत राहिले. बाबा गेल्यावरही ती तिथेच राहिली, आमच्याकडे नागपूरला चार दिवसांच्या वर टिकली नाही.

काल अंगणात गर्दी होती. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. मी ओळखलं नाही.

मला म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी केजमदी होतो. सगळ्यात जोरात मीच हासलो होतो."

त्यांच्यासोबत एक उंच माणूस होता, केस पिकायला लागलेले. त्याला पुढे करत म्हणाले, "हा माया पोरगा. तवा मायच्या पोटात होता. मनलं, आज खांदा यानंच द्यावा."

त्याने दिला.

जा आई, समाधानाने जा. भरल्या मनाने तुला निरोप.