माझी खुशी नव्हती

सलमाआपाचं नाव आधी घेते. ती नसती तर माझ्या गावापासून इतक्या लांब, या जिंतुरात, मी बेवारस मेले असते. जिनिंगमध्ये आम्ही दोघी शेजारी बसून कापूस निवडायचो. पोटात कळ आली आणि मी तिथंच आडवी झाले, तशी तिनं हातचं काम टाकून मला रिक्षात घातलं.

दवाखान्यात तातडीच्या खोलीच्या दारावरचा माणूस हसला. माझ्या केसांत, अंगावर सगळा कापूस.

"आली बघा कापूसयेडी! कोन्या गादीतून निघाली गं?"

आतल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? मी खरं सांगितलं. जीव घाबरा व्हायचा, कानात आवाज यायचे, तेव्हापासून डोक्याच्या गोळ्या घेते. माझी शाळा सहावीत सुटली. डॉक्टरला खरं सांगावं, एवढं कळत होतं.

त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"मग दुखतंय ते डोकं. पोट नाही."

नर्स हसली. मी कळेनं ओरडले, तर त्यांनी माझ्याच ओढणीनं माझे हात खाटेला बांधले. शेजारचे लोक पोरांना दाखवत होते. मला तिथंच लघवी झाली. कुणी पुसली नाही.

"नाटक लय भारी करायलीय," दारावरचा म्हणाला.

आपा विनवत होती, "साहेब, हात तरी लावा. पोट दगडावानी झालंय."

"तू डॉक्टर आहेस का?"

मग कागद आला. स्वखुशीनं घरी जाते, सही कर. हात सोडले ते सहीपुरते. आजवर जो म्हणेल तिथं सही केली मी. त्या दिवशी मूठ उघडलीच नाही.

"माही खुशी न्हाई. तुमी हाकललं, असं लिहा. मग करते."

आपा खाटेला पाठ लावून उभी राहिली. "लिहा की साहेब, ती म्हणती तसं."

लिहायला कुणी धजेना. मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पोट दाबलं आणि तिथंच भरती करून घेतलं. अपेंडिक्स फुटलं होतं. लगेच ऑपरेशन केलं.

माफी कुणी मागितली नाही.

मी भरती होते तोवर आपा उशाशी होती. खाडे पडले म्हणून मुकादमानं तिला कामावरून काढलं. तिनं सांगितलं नाही, दुसरीकडून कळलं.

आपा, टाके सुकू दे. मुकादमासमोर उभी राहून म्हणणार आहे, आधी तिला घ्या, मग मला. या हंगामात नाही जमलं तर पुढच्या. तो येडी म्हणेल. म्हणू दे. तुझं हे मी फेडणार.