काकांचा सफारी आणि माझा भूमितीचा पेपर

रेजिना टीचर नसत्या, तर मी आज बी.ए. पास आणि दहावी नापास असा माणूस असतो.

छपाईची चूक नाही ही! मी प्रवेश घेतला तेव्हा मुक्त विद्यापीठाची एक प्रवेश परीक्षा दिली की दहावी नसतानाही थेट बी.ए.ला बसता यायचं. मी आठवीत शाळा सोडून आटपाडीहून वसईला आलेलो. कारखान्यात खोकी उचलायची आणि सुट्टीला बी.ए. करायचं, असं छान चाललं होतं. मग स्टोअरमध्ये क्लार्कची जागा निघाली.

"दहावीचं मार्कलिस्ट आण," मॅनेजर म्हणाले.

"साहेब, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे."

"ते असू दे. दहावी?"

"ती नाही."

तळमजला न बांधता दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलेल्या माणसाकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जूनपर्यंत थांबतो. निकाल आण, नाहीतर बाहेरचा माणूस घेतो. आणि मग खोकी उचलायलाही तो स्वतःचाच माणूस आणेल!"

मी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि भुईगावात जिथे भाड्याने राहत होतो, तिथे बी.ए.च्या पुस्तकांखाली दहावीची पुस्तकं ठेवून एकट्यानेच अभ्यासाला लागलो. इतिहास, मराठी जमलं. भूमिती काही केल्या समजेना. मग घरमालकीण रेजिना टीचर मदतीला आल्या. निवृत्त शिक्षिका. विहिरीच्या ओट्यावर मी कोळशाने आकृती काढायची, त्यांनी फुलांच्या जुड्या बांधता बांधता चूक काढायची. त्यांचे यजमान, आमचे काका, आंघोळीला आले की माझी वर्तुळं धुऊन निघायची. "अहो, प्रमेयावर पाय देऊ नका!" टीचर ओरडायच्या. "मग मी आंघोळ काय आगगाडीत करू?" काका विचारायचे.

भूमितीच्या पेपराच्या सकाळी मी शेवटची उजळणी करत केळीच्या बागेत फिरत होतो. प्रमेयाच्या नादात तोडलेल्या घडाला जाऊन टेकलो. केळीचा चीक! सदरा गेला, पँट गेली. दुसरा जोड वाळत होता, तोही ओलाच.

टीचर घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या. (त्यातलं मला फक्त माझं नाव कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.) मग मराठीत म्हणाल्या, "असल्या कपड्यांत पेपर लिहिणार तू?"

"टीचर, तपासणाऱ्याला कपडे दिसत नाहीत."

"देवाला दिसतात!"

काकांनी निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला करडा सफारी बाहेर आला. खिशाला दोन पेनं लागली, हातात काकांची चामडी बॅग आली. मिशी माझी स्वतःची होती. आरशात बघितलं आणि मीच मला नमस्कार करणार होतो.

बीजगणिताच्या दिवशी केंद्रावरच्या शिपायाने मला "ए, रांगेत राहा!" म्हटलं होतं. आज त्याने फाटक उघडलं. "या सर, या! मोठे सर केव्हाचे वाट बघतायत."

मला वाटलं, बाहेरून बसणाऱ्यांसाठी काही नवीन सोय झाली असावी.

त्याने मला शिक्षकांच्या खोलीत नेलं. चहा आला. खारी आली. केंद्रसंचालक घाम पुसत आले. "सोपाऱ्याच्या शाळेकडून आलात ना? पर्यवेक्षक म्हणून?"

मी मान हलवली. (आमच्याकडे मोठ्या माणसाने विचारलं की आधी मान हलवतात, मग प्रश्न समजून घेतात.) प्रश्न समजला तेव्हा तोंडात खारी होती. ती गिळून मी म्हणालो, "सर, मी परीक्षेला..."

"परीक्षेलाच आलोत आपण सगळे! सही नंतर करा. ब्लॉक सहा तुमचा." त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्या हातात कोंबला.

ब्लॉक सहा खरंच माझाच होता. माझा नंबर तिथेच होता!

हॉल तिकीट दाखवावं म्हणून खिशात हात घातला. हाताला लागली काकांची जपमाळ. दुसऱ्या खिशात दात कोरायच्या काड्या. हॉल तिकीट चिकाच्या सदऱ्यात, भुईगावात! तिकीट नसलेल्या परीक्षार्थीला ते बाहेर काढणार. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातात असलेल्या सरांना मात्र आत पाठवत होते. मी आत गेलो.

"गुड मॉर्निंग, सर!" अख्खा वर्ग उभा राहिला.

"बसा," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. बहुतेक सफारीचा होता.

उत्तरपत्रिका वाटल्या. घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटल्या. पहिलंच प्रमेय विहिरीवरचं! हात शिवशिवायला लागले. तिसऱ्या रांगेतला शेवटचा बाक रिकामा होता.

"सर, इथला मुलगा आलाच नाही," पुढची मुलगी म्हणाली.

"येईल," मी म्हणालो. मला अजून आशा होती.

शिपाई दारात आला. "सर, गैरहजर कोण?"

माझाच नंबर मी माझ्याच हाताने गैरहजर म्हणून लिहायचा? "जरा थांबा," मी काकुळतीला आलो. "मी ओळखतो त्याला. गरीब आहे हो फार!"

शिपाई गेला. डोळ्यांसमोर जून महिना आला, मॅनेजर आले, आटपाडीची परतीची एस.टी. आली. उरलेली उत्तरपत्रिका उचलली, शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि लिहायला सुरुवात केली.

वर्ग मागे वळून बघायला लागला. "पुढे बघा!" मी दरडावलं आणि त्रिकोण काढला.

"सर," शेजारचा हळूच म्हणाला, "तुमचाही हा विषय राहिलाय?"

इतक्यात दारात तीन माणसं उभी राहिली: केंद्रसंचालक, शिपाई आणि चुरगळलेल्या शर्टातले एक गृहस्थ. खरे पर्यवेक्षक हेच. त्यांना इतका वेळ शिपायाने "पालकांनी बाहेर थांबा!" म्हणून फाटकावर अडवलं होतं.

"मग हे कोण?" केंद्रसंचालक किंचाळले.

"सर, मी परीक्षार्थी."

"सफारीत? खारी खाऊन? हॉल तिकीट?"

"घरी आहे."

"पोलिसांना बोलवा!"

मला उठवून व्हरांड्यात उभं केलं. उत्तरपत्रिका काढून घेतली. तेवढ्यात काकांची स्कूटर थेट पटांगणात घुसली. मागे टीचर, एका हातात चिकाचा सदरा, दुसऱ्या हातात माझं हॉल तिकीट.

"धुवायला काढला म्हणून सापडलं!" त्यांनी तिकीट पुढे केलं.

केंद्रसंचालकांनी फोटो बघितला. फोटोत मिशी नव्हती. "हा तोच कशावरून? दुसऱ्याच्या नावावर बसलेला एखादा मास्तर असेल!"

टीचर म्हणाल्या, "ती उत्तरपत्रिका बघू." चष्मा लावून माझं प्रमेय वाचलं. मग ते केंद्रसंचालकांच्या नाकासमोर धरलं. "वाचा. जगातला कुठला मास्तर अशी चूक करेल?"

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा निवळला. "खरंय. हा दहावीचाच आहे."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच उडून बाहेर आला. "टीचर, कुठं चुकलंय?"

"ते मी कसं सांगू? परीक्षा चालू आहे!" आणि त्या जाऊन स्कूटरवर बसल्या. काका मात्र ओरडले, "दत्ता, बाकाला खिळा असेल, सफारी सांभाळ!"

उत्तरपत्रिका परत मिळाली, आणि उरलेला सगळा वेळ मी बाकावर ते प्रमेय ओळीओळीने चाचपत होतो. शेवटी एक गाळलेली पायरी सापडली. काठावर पास झालो. क्लार्कची जागा मिळाली. सफारीला खिळा लागला तो लागलाच, पण काका म्हणाले, "असू दे, आता तो शिकलेला दिसतो."

परवा बी.ए.चाही निकाल लागला. टीचरांचे उपकार एका जन्मात फिटायचे नाहीत, पण फेडायला सुरुवात तरी करणारच. पदवीदानाला त्यांना पहिल्या रांगेत बसवणार आणि पदवी आधी त्यांच्या हातात देणार, असा शब्द दिलाय. त्या यायला तयार आहेत. अट एकच घातलीय:

"सफारी घालून येऊ नकोस. नाहीतर पदव्या तुलाच वाटायला लावतील, आणि तुझी राहील!"