भिंतीवरचा रुफिनो

आमच्या शहराला पाराना नदी पुरत नव्हती, म्हणून पालिकेने तिच्याच काठावर मत्स्यालय बांधलं. नदी फुकट दिसते, तिला कोण विचारतो? तेच गढूळ पाणी गाळून काचेत भरलं, की लोक रांगा लावतात. आत इस्त्रीच्या सदऱ्यातला एक मार्गदर्शक सुरुबी मासा काय खातो ते समजावत होता. कोणाला, तर माझ्या मैत्रिणीला, नेलिदाला. जिने पन्नास वर्षं सुरुबीची पोटं फाडली, जाळी दुरुस्त केली आणि नवऱ्याने, रुफिनोने, होडीतून आणलेले मासे बाजारात विकले, तिला. ती मान हलवत ऐकत होती. एवढा सोशिकपणा मला जन्मात जमला नाही.

बुधवारी पेन्शनवाल्यांना प्रवेश फुकट, म्हणून मीच तिला ओढून नेलं होतं.

शेवटच्या दालनात ती थबकली. भिंतीवर पुरुषभर उंचीचा फोटो होता: रुफिनो, खांद्यावर सुरुबी, तोंडभर हसू. वीस वर्षांपूर्वी एक बाई काठावर येऊन तो काढून गेली होती. प्रत पाठवते म्हणाली आणि गेली ती गेलीच. घरातले सगळे फोटो पुरात गेले, पाठोपाठ रुफिनोही छातीच्या दुखण्याने गेला. अकरा वर्षांत नेलिदाने त्याचा चेहरा पाहिला नव्हता.

"खाली काय लिहिलंय गं, इर्मा?" तिला वाचता येत नाही.

"नदीचा खरा शत्रू."

"कोण, मासा?"

"नाही. हा."

तिने फोटोतल्या रुफिनोकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, "आणि कारखान्यांची घाण सोडतात ते कोण? नदीचे जावई?"

पुढचे दोन बुधवार ती माशांकडे पाठ करून त्या फोटोपुढे बसली. पहारेकऱ्याने स्टूल आणून दिलं. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली.

"अर्ज लिहून दे. खालची अक्षरं तेवढी खरवडा म्हणावं. आणि मला त्याचा एक छोटा फोटो द्या. नीट विनवून लिही हं."

चाळीस वर्षं मी वकिलाच्या कचेरीत अर्ज टंकले आहेत. मत्स्यालयाच्या साहेबांच्या कानाला चटके बसतील असं लिहिलं: मृताची बदनामी, विधवेचा अपमान, या चित्राचं नामोनिशाण ठेवू नका. छोट्या फोटोचं गाळलं. असल्या लोकांपुढे पदर पसरायचा? नेलिदाने विश्वासाने अंगठा उठवला.

पुढच्या बुधवारी भिंतीला ताजा रंग होता आणि तिथे प्लास्टिकचा मासा टांगला होता. संचालक लिसांद्रो स्वतः धावत आले.

"बाई, तुमच्या पत्राप्रमाणे चित्र फाडून टाकलं. मूळ प्रतही पुसली. नामोनिशाण ठेवलं नाही."

सरकारी खात्याने एवढ्या तत्परतेने काम केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आणि माझा छोटा फोटो?" नेलिदाने विचारलं.

"तसं पत्रात काही नव्हतं."

ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"विसरलीस का गं?"

आयुष्यभर मी ज्यांना नावं ठेवली, त्यांच्यातला एकही त्या क्षणी माझ्याइतका नीच नव्हता.

"हो," मी म्हणाले, "विसरले."

"चालायचंच. वय झालं आपलं," म्हणाली, आणि मी पायऱ्यांवर अडखळू नये म्हणून तिने माझा हात धरला.