पाहुण्यांसाठी साफ केलेला बांध

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मामाचा बांध स्वच्छ होता. एक काडी उभी नव्हती. मातीवर खराट्याचे फराटे दिसत होते. घरापासून बांधापर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी मामीने चुन्याची रेघ ओढली होती.

मामा कमरेला कोयता लावून हसत उभा होता.

"बघ, कसा लख्ख केलाय. काल दुपारपासनं भात सोडून दोघां याच्याच मागं होतो. शहरातली माणसां, पायाखाली काय आलं-गेलं तं?"

मी "छान केलंय" म्हणाले. पन्नास मिनिटांत बारा माणसं येणार होती. ती जे बघायला येणार होती, ते या बांधावरच्या झुडपांवर बसत होतं. झुडपंच नव्हती.

मी काय काम करते ते आधी सांगते. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. शनिवार-रविवार पालघरच्या एका छोट्या नेचर टूर कंपनीत असिस्टंट म्हणून जाते. कंपनी म्हणजे एक गाळा, दोन दुर्बिणी आणि परेश सर. माझं मुख्य काम रेकी. म्हणजे लोकांना नेण्याआधी जागा बघून यायची, तिथे काय दिसतं, सावली कुठे आहे, बाथरूमची सोय काय, हे लिहून आणायचं. वडील बोईसरला एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दुर्बीण गळ्यात घालून हिंडण्याला काम म्हणतात हे आईला अजून पटलेलं नाही.

मामाचा पाडा बोईसरच्या पूर्वेला, महामार्ग ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्या सकाळच्या आठ दिवस आधी मी तिथे सहज गेले होते. पाऊस संपला की काही फुलपाखरं थव्याने एका भागातून दुसऱ्या भागात जातात. त्यांना मायग्रंट म्हणतात, स्थलांतर करणारी. मामाच्या बांधावर खुळखुळा माजला होता. पिवळ्या फुलांचं झुडूप, शेंग वाळली की आत बिया वाजतात, लहानपणी आम्ही कानाशी धरून हलवायचो. त्यावर काळ्या-तपकिरी क्रो फुलपाखरांची गर्दी होती. त्यातल्या एकाने पंख उघडले आणि मला पुढच्या पंखावर दोन फिकट रेघा दिसल्या. नेहमीच्या क्रो नराला एकच असते. दोन असतात ती डबल-ब्रँडेड क्रोला. आमच्या बाजूला ते क्वचितच येतं.

मी फोटो काढला. त्यात रेघा आल्या. सरांना पाठवला. त्यांचा दोन मिनिटांत फोन आला.

"दीपाली, लोकेशन कुणालाही सांगू नकोस. रविवारी ट्रिप लावतो."

दोन दिवसांत बारा नावं आली. पुणे, ठाणे, वसई, एक जण तर कोल्हापूरहून. या लोकांच्या भाषेत लाइफर असा शब्द आहे. आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला जीव. एका लाइफरसाठी माणसं रात्रभर गाडी चालवतात.

गुरुवारी सरांनी विचारलं, "मामांना सांगितलंस ना, झाडं हलवायची नाहीत म्हणून?"

"हो सर."

मी सांगितलं नव्हतं.

बुधवारी मी मामाकडे गेले होते. सांगायचं म्हणूनच गेले होते. मामा ओटीवर विळ्याला धार लावत होता. त्याने तीस वर्षं त्या बांधावरचं तण काढलंय. त्याला मी सांगणार, की मामा, तण काढू नको? आणि कशासाठी, तर पाखरू बघायला कोल्हापूरहून माणूस येतोय? मामी हसली असती. पाड्यावर दोन दिवस तोच विषय झाला असता. मी एवढंच म्हणाले, "रविवारी सरांबरोबर बारा पाहुणे येतील. तुझं शेत बघायला."

"शेत? माझं?" मामा म्हणाला. त्याला किती बरं वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तर माझ्या तोंडून पुढचं निघालंच नाही.

आता तो साफ बांध बघून मी सरांना फोन लावला. ते बोईसर स्टेशनवरून लोकांना जीपमध्ये बसवत होते.

"सर, बांधावरचा खुळखुळा कापलाय. सगळा."

"काय? कुणी?"

"मामाने."

"तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

"सर, ते..."

"बरं थांब, लोक आहेत शेजारी. आल्यावर बघू."

फोन बंद झाला. माझं "ते" अर्धवटच राहिलं.

मी शेजारच्या दोन्ही शेतांत धावत जाऊन आले. गवतकापणी सुरू झालेली, तिथेही सगळं भुईसपाट. ओहळाच्या अलीकडे एक खुळखुळा सापडला, गुडघ्याएवढा, त्यावर एक मुंगळा होता. परत बांधावर आले. पुन्हा गेले. बसवत नव्हतं. मामी दोनदा म्हणाली, "चा घे गं." मी घेतला आणि कुठेतरी ठेवून विसरले.

आठला दोन जीप आल्या. माणसं उतरली ती कॅमेरे हातात घेऊनच. वसईचे डिमेलो सर पुढे होते. निवृत्त शिक्षक, पंचवीस वर्षं फुलपाखरं बघतायत. पुण्याच्या वैद्य मॅडम गुडघ्याला पट्टा बांधून आल्या होत्या. कोल्हापूरच्या शिंदेंचे डोळे जागरणाने लाल होते.

"कुठाय आमचा पाहुणा?" शिंदे म्हणाले. "रात्रभर गाडी हाणत आलोय. बायकोला सांगून आलोय, बघितल्याशिवाय घरात पाय ठेवत नाही."

मग त्यांनी बांध बघितला. सगळ्यांनीच बघितला. कुणीतरी विचारलं, "हीच जागा आहे ना?"

मामा आणि मामी चुन्याच्या रेघेमधून आले. मामीच्या हातात पाण्याचा तांब्या आणि ताटात पेले.

"हीच," सर म्हणाले. "काल कापलंय सगळं."

"अहो, मग आधी सांगून ठेवायचं ना," वैद्य मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, पण आवाज कोरडा होता. "मी मुलीचं केळवण सोडून आलेय."

"सांगितलं होतं, मॅडम. स्पष्ट सांगितलं होतं," सर म्हणाले. "पण काय आहे, लोकल लोकांना या गोष्टींचं महत्त्व कळत नाही. दहा वेळा सांगा, करायचं तेच करतात."

मामा चार हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. त्याला कळत नव्हतं की आपण काय करायला नको होतं. मामी ताट तसंच धरून उभी होती, पाणी कुणी घेत नव्हतं.

मला वाटलं, गप्प राहिलं तर निभावेल. सर माझ्याच बाजूने बोलत होते. माझी नोकरी शाबूत होती. लोक तासभर कुरकुर करतील, दुसरीकडे जातील, संपलं. फक्त मामा त्यांच्या लक्षात अडाणी माणूस म्हणून राहील. ते बारा जण बाराशे जणांना सांगतील.

"सर, मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"दीपाली, आत्ता नको."

"नाही सर. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणाले. पण मी मामाला बोललेच नाही. पाहुणे येणार एवढंच सांगितलं. म्हणून त्याने त्याचं भात सोडून तुमच्यासाठी बांध साफ केला. चूक माझी आहे."

सरांचा चेहरा लाल झाला. शिंदे खाली बघून चुन्याची रेघ बुटाने उगाच नीट करत होते.

मी मामाकडे वळले. "मामा, मला तुला सांगायला लाज वाटली. तू हसशील असं वाटलं."

"अगं पण काय सांगाया?" मामा म्हणाला. "ही माणसां आलीत काय बघाया? ते तं सांग."

"फुलपाखरू."

"पाखरू?"

"काळं. खुळखुळ्यावर बसतं ते. त्यातलं एक वेगळं आहे."

मामा हसला नाही. तो नुसता चकित झाला.

"ती काळी पाखरां? ती होय! मंग हितं काय उभे राहिलेत? ती तं पलीकडं हायत, कचऱ्यावर."

"कुठल्या कचऱ्यावर?"

"कापलेला सगळा त्या ओहळाच्या काठाला टाकला ना. पाहुण्यांना दिसाया नको म्हणून. काल सांजच्याला तिथं ही झुंबड. मी टोपलं रिकामं करतोय नि ती माझ्या हातावर. हाकलून दमलो."

डिमेलो सरांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा. वाळलेला खुळखुळा!"

त्यांनी मग सगळ्यांना सांगितलं ते मी इथे सोपं करून सांगते. या फुलपाखरांचे नर फुलातल्या मधासाठी खुळखुळ्यावर येत नाहीत. त्या झाडात एक कडू द्रव्य असतं, ते त्यांना हवं असतं. ते शोषून त्यातून ते मादीला भुलवणारा वास तयार करतात. झाड जखमी झालं, कापलं, वाळायला लागलं की ते द्रव्य त्यांना जास्त सोपेपणाने मिळतं. परेश सर मला नंतर म्हणाले, हे त्यांना माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. मला तर माहीतच नव्हतं. मी फक्त उभी झाडं शोधत धावत होते. ओहळाच्या काठापर्यंत न जाता मी दोनदा परत फिरले होते.

मामाने मात्र सगळं ऐकून एकच विचारलं. "म्हंजे अत्तर लावाया येतात?"

"अगदी तसंच," डिमेलो सर म्हणाले.

"मंग पोरी, हे काल बोलली असतीस तं मी हाकललं नसतं गं. कुणाच्या लग्नाची खोटी केली."

वैद्य मॅडम हसल्या आणि त्यांनी मामीच्या ताटातला पेला उचलला. मग सगळ्यांनीच पाणी घेतलं.

ओहळाच्या काठी ढीग होता, कमरेएवढा, दवाने ओला. ऊन अजून पोचलं नव्हतं. शेजारच्या करंजाच्या फांद्यांना क्रो आणि निळसर पट्ट्यांची ब्लू टायगर फुलपाखरं लटकलेली होती, वाळक्या पानांसारखी. साडेनऊला ऊन ढिगावर आलं आणि ती खाली उतरायला लागली. दहाला ढीग दिसेनासा झाला. नुसते पंख. मग खरी घाई सुरू झाली.

"डावीकडे, डावीकडे!"

"ते एकाच रेघेचं आहे."

"पंख उघड रे बाबा, उघड!"

"सावली पाडू नका हो."

दीड तास असंच चाललं. मी प्रत्येक पंख बघत होते आणि मनात म्हणत होते, फोटोत रेघाच होत्या ना? ओरखडा तर नव्हता? आता मी कशालाच हो म्हणायला तयार नव्हते.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वैद्य मॅडम, ज्या गुडघ्यामुळे उलट्या टोपलीवर बसून होत्या, हळूच म्हणाल्या, "माझ्या समोर. दोन रेघा आहेत. मी काही चुकत नाहीये ना?"

डिमेलो सर गुडघ्यावर बसले. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं आणि फक्त मान हलवली. मोजून अर्धं मिनिट ते बसलं. मग करंजावरून ओहळापलीकडे गेलं. अकरा जणांनी बघितलं. सात जणांना फोटो मिळाला.

शिंदे तेव्हा जीपपाशी होते. रेंज मिळत नव्हती म्हणून तिकडे जाऊन बायकोला फोन करत होते. पाखरू यायचंय, उशीर होईल, हे सांगायला. धावत आले तोवर फांदी रिकामी होती. ते चार वाजेपर्यंत त्या ढिगासमोर बसले. मामाने त्यांना तिथेच ताट नेऊन दिलं. पाखरू परत आलं नाही.

"घरात घेतील का आता?" मामाने विचारलं.

"बघू," शिंदे म्हणाले. "न्हाई घेतलं तर तुमच्याकडंच येतो. भात कापाय माणूस पायजेच की तुमास्नी."

परतताना सर माझ्याशी बोलले नाहीत. पाड्यावरून निघताना मात्र ते मामाला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाले होते. मामाला मी नंतर विचारलं. "माफी मागितली नि शेत चांगलं हाय म्हणले," एवढंच त्याने सांगितलं.

पुढचे दोन शनिवार-रविवार मला बोलावणं आलं नाही. मी मामाकडे भात कापायला गेले. कॉलेजमध्ये गेल्यापासून हात मऊ झालेत, दुसऱ्या दिवशी पेन धरता येईना. दुसऱ्या रविवारी मी शेतातच असताना सरांचा फोन आला.

"रेकीच्या फॉर्ममध्ये एक कॉलम वाढव. जागामालकाला काय सांगितलं. हो-नाही नको, वाक्यं लिहायची."

"हो सर," मी म्हणाले. मग म्हणाले, "लिहिते आणि तुम्हाला दाखवते."

तो कॉलम मी भरते. पण त्याच्या खाली पेनाने स्वतःचा एक ओढून घेतलाय. जागामालकाने काय सांगितलं. नव्या जागी गेले की मी आधी सांगून टाकते की लोक फुलपाखरू बघायला येणार आहेत. बहुतेक जण हसतात. त्यांचं हसून होऊ देते आणि मग विचारते, तुम्ही ते शेवटचं कुठे बघितलं होतं.