सरांच्या सँडलमधला खडा

पहिल्या चढाईची मला मोजावी लागलेली किंमत अशी: अंगठ्यांची दोन नखं, एका बुटाचा तळ आणि गॅरेजचा अख्खा सोमवार, कारण खाली वाकताच येईना. तरी एक गोष्ट मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. त्या दिवशी मी एकदाही कुणाला ‘थांबा’ म्हटलं नाही.

साळवी सरांची ओळख त्यांच्या स्कूटरमुळे झाली. ते महाडच्या शाळेत भूगोल शिकवत. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर माझं गॅरेज नुकतंच उभं राहिलं होतं. स्कूटर न उघडताच मी आवाजावरून दोष सांगितला. सर म्हणाले, “कान चांगले आहेत तुझे. रविवारी आमच्याबरोबर डोंगरावर चल. तिथे ऐकायला पुष्कळ आहे.”

होतंही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला धुक्यात शिरलं की पुढचा सोबती दिसेनासा होई, नुसती त्याची पावलं उरत. कुठेतरी गुरांच्या गळ्यातली घंटा वाजे. ती आपल्या वर वाजतेय की खाली, कळत नसे. मग धुकं खाली बसे. सावित्रीचं खोरं पांढरं भरलेलं आणि त्यावर डोंगरांचे माथे तरंगणारे. सर एकेकाचं नाव सांगत, अगदी हळू, झोपलेल्यांना उठवायचं नसल्यासारखं.

चालताना सर कायम सर्वांच्या मागे. मधूनच म्हणत, “थांबा रे, खडा गेला.” सगळे थांबत. सर निवांत सँडल झाडत. पहिल्या दिवशी हे अकरा वेळा झालं. मला त्या सँडलची कीवच आली होती.

यंदा सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. गुडघे कुरकुरतात, दम पुरत नाही. माझ्या पहिल्या चढाईचा तो माथा त्यांना पुन्हा एकदा पाहायचा होता. पण निघतानाच त्यांनी बजावलं, “माझ्यासाठी कुणाला थांबावं लागलं, तर मी तिथूनच मागे फिरेन.”

शेवटच्या वाडीच्या वर उभा चढ लागला आणि मागून सरांची धाप मला ऐकू आली. मी खाली बसलो. “सर, खडा गेला.” बूट काढून झाडला. पुढच्या वळणावर बरोबर आलेल्या आमच्या बंडूच्या बुटात गेला, मग त्याच्या बायकोच्या. गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या वाडीतल्या सखूबाई बघतच राहिल्या.

“काय गो बाय, आमच्या वाटंला येवढं खडं हायत? आमाला अनवानी कदी लागलं नाय ते!”

सर खळखळून हसले. पण मागे फिरले नाहीत.

माथ्यावर ते डोंगरांची नावं सांगत बसले. खालून घंटा ऐकू आली. मग म्हणाले, “विलास, माझ्या सँडलमध्ये खडा कधीच गेला नव्हता रे.”

सर, आपले गुडघे आपल्या हौसेला साथ देवोत, दम टिकून राहो, आणि आपल्या शंभरीपर्यंत आमच्या बुटांत खडे जात राहोत.

राहता राहिली माझी पहिली चढाई. त्या दिवशी नवखा मी एकटाच होतो.