दादाची गाडी डावीकडे जायची

दादा रेल्वेतून रिटायर झाला आणि काही महिन्यांतच त्यानं एक सेकंडहँड पिकअप घेतली. आमच्या उज्जैनच्या भैरवगढहून ठप्प्याच्या छपाईच्या चादरी उचलायच्या आणि इंदूर-देवासच्या दुकानांत पोहोचवायच्या, असा त्याचा बेत होता. काम बरं चाललं होतं, पण एका गोष्टीनं त्याला चैन पडत नव्हतं. गाडी रिकामी असली की पुढून झुकलेली दिसायची.

"बघ ना, नापास झालेल्या पोरासारखी मान खाली घालून उभी राहते," तो मला म्हणाला.

मी शाळेत मास्तर, मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण दादानं कुठून तरी शोधून लेव्हलिंग किट मागवलं. म्हणजे समोरच्या सस्पेन्शनवर बसवायच्या दोन जाड चकत्या. एका रविवारी मोहल्ल्यातल्या मेकॅनिकनं त्या बसवून दिल्या. गाडीचं तोंड दोनेक इंच वर आलं आणि ती पुढून-मागून एका रेषेत उभी राहिली. दादानं चारी बाजूंनी फिरून तिच्याकडे पाहिलं. वहिनी दारातून म्हणाल्या, "आता दृष्ट काढू का तिची?"

मेकॅनिकनं जाताना बजावलं होतं, "अंकल, अब पहियों का अलाइनमेंट ज़रूर करवा लेना, नहीं तो टायर खा जाएगी." दादा हो म्हणाला आणि कामाच्या नादात महिनाभर गेलाच नाही.

त्या महिन्यात गाडीचा डावा आरसा तुटला. मग डावा बंपर फाटकाला घासला. मग एकदा मी त्याच्याबरोबर भैरवगढला निघालो, तर गाडी हळूहळू रस्त्याच्या डाव्या कडेला, नालीकडे सरकत गेली. मी स्टिअरिंग धरून ओढलं.

"किट लावल्यापासून ही डावीकडे ओढते," दादा म्हणाला.

"मग अलाइनमेंट करून घे ना. की कुणी मरायची वाट बघतोयस?"

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मीच त्याला नानाखेड्याला घेऊन गेलो. बस स्टँडच्या पुढे एक अलाइनमेंटचं दुकान आहे. तिथल्या मिस्त्रीनं चारी चाकांना क्लॅम्प लावले, संगणकाच्या पडद्यावर आकडे आले, समोरच्या चाकांचे लाल. "किट के बाद ऐसा होता ही है," तो म्हणाला. गाडीखाली उतरून त्यानं पाना फिरवायला घेतला. एकेक आकडा हिरवा होत गेला. दादा खुर्चीवर बसून होता, जरा दमल्यासारखा.

मग मिस्त्री मला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर घेऊन गेला. मोकळा पट्टा बघून त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. गाडी सुतासारखी सरळ गेली. मला हायसं वाटलं.

परत आल्यावर दादा म्हणाला, "आता मी बघतो." तो स्टिअरिंगवर बसला. दुकानापासून शंभर पावलंही गेला नसेल. गाडी डावीकडे, आणखी डावीकडे जाऊ लागली आणि कडेनं स्कूटीवर मुलीला घेऊन चाललेल्या एका बाईपासून वीतभर अंतरावरून फुटपाथवर चढली.

मी धावलो. बाई घाबरून खाली उतरली होती. लोक गोळा झाले. आणि त्या सगळ्यांसमोर मी माझ्या मोठ्या भावाला, ज्यानं माझी कॉलेजची फी भरली होती, त्याला बोललो. "डोळे आहेत की बटणं? या वयात गाड्या सजवायची हौस, आणि चालवायची अक्कल नाही. पोरीचा जीव घेतला असतास."

दादा गाडीतून उतरून नुसता उभा राहिला.

मिस्त्री माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "भैयाजी, गाड़ी तो एकदम सीधी है. अंकल की बाईं चप्पल दुकान में ही छूट गई, उनको पता भी नहीं चला. इनको डॉक्टर को दिखा दो."

मी खाली पाहिलं. दादाचा डावा पाय अनवाणी होता. उन्हानं तापलेल्या डांबरावर तो तसाच टेकलेला होता.

मेंदूच्या उजव्या भागात गाठ होती. इंदूरच्या डॉक्टरांनी समजावलं, की अशा गाठीनं माणसाला डावीकडचं जग दिसतं, पण लक्षात येत नाही. त्याच्या लेखी ते उरतच नाही. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ताटातली डावी बाजू ते खातच नव्हते. चटणी, कोशिंबीर तशीच ठेवायचे. मला वाटलं, माझ्या हाताला चव राहिली नाही. रुसले होते मी त्यांच्यावर."

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली नाही. दादाचं गाडी चालवणं सुटलं, मग चालणं सुटलं. इंदूरच्या फेऱ्यांना मी त्याला त्याच पिकअपमधून नेत असे. तो शेजारी बसायचा आणि सगळा रस्ताभर माझ्याकडे वळून बघत राहायचा, कारण उजवीकडे मी होतो आणि डावीकडे त्याला काहीच नव्हतं.

अशाच एका फेरीत, उज्जैन मागे पडल्यावर, तो अचानक म्हणाला, "तू त्या दिवशी मला सगळ्यांसमोर बोललास."

"हो."

"बोलायला नको होतं रे."

"नको होतं, दादा."

यापुढे मला खूप काही म्हणायचं होतं. पण समोर ट्रक होता, मागून बसवाला हॉर्न मारत होता, आणि मला वाटलं, दवाखान्यात पोहोचल्यावर निवांत बोलू. तिथं पोहोचलो तोवर तो झोपला होता. स्ट्रेचर आलं, कागदपत्रं आली, सही कुठे करायची ते कुणीतरी दाखवलं.

त्यानंतर त्याचं बोलणं तुटक होत गेलं, मग नुसते आवाज उरले. अकराव्या दिवशी तो गेला. वहिनींनी मला विचारलं, शेवटचं नीट काय बोलले तुमच्याशी? मी म्हणालो, "काही खास नाही, वहिनी. रस्त्याबद्दल काहीतरी."